बु, जि, का, ए, रु आणि ना

जपानी भाषेत ‘ब’ हे अक्षर नाही, असं मी आमच्या ऑफिसातल्या चौदा माणसांना लेखी कळवलं. त्यांतली अकरा माणसं जपानी होती.

ती ईमेल पाठवताना माझ्या मनात कुणाला शिकवायचा हेतू नव्हता, हे आधीच सांगतो. मी फक्त तक्रार करत होतो. तक्रार करणाऱ्या माणसाला जग नेहमी शहाणपणा शिकवणारा समजतं, हे माझं जुनं दुःख आहे आणि सुहासिनी, म्हणजे माझी बायको, या दुःखात कधीही सहभागी होत नाही.

सुरुवात ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर झाली. अमेरिकेत आम्ही राहतो त्या नेपरव्हिलपासून वीस मिनिटांवर आमचं ऑफिस. कंपनी जपानी, धंदा पंपांचा, आणि मी त्या पंपांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये नीट बसताहेत ना हे बघणारा. आमचे साहेब ओकुमुरा-सान (हे ‘सान’ म्हणजे आपल्या रावांसारखं) अकरा वर्षं अमेरिकेत काढून मार्चअखेर निवृत्त होऊन जपानला परत निघाले होते. निरोपाचा समारंभ म्हणजे कॅराओके: यंत्रावर नुसतं संगीत वाजणार, पडद्यावर शब्द येणार आणि आपण माइक धरून गायचं. सगळी तयारी इशिदा-सान नावाच्या अत्यंत शिस्तीच्या बाई करत होत्या. त्यांच्यासमोर टेलिफोन डिरेक्टरीएवढं गाण्यांचं पुस्तक होतं.

“यात गाणी नावाच्या पहिल्या उच्चाराप्रमाणे लावलेली असतात,” त्या मला म्हणाल्या. “अ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. तुम्हाला जरा अवघड जाईल.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोरची बाई आपल्याला आपलीच बाराखडी अवघड जाईल म्हणते, तेव्हा नागपूरच्या माणसाने काय करावं? मी चमचा खाली ठेवला आणि हा क्रम मुळात आमचाच, आमच्या वर्णमालेवरून तुमच्या भिक्षूंनी नेला वगैरे सगळं पाच मिनिटं सांगितलं. टेबलावरच्या सगळ्यांनी “ओऽ” केलं. जपानी माणसं “ओऽ” करतात तेव्हा आपण जिंकलो असं वाटतं.

“मग गाण्यांचं पुस्तक तुम्हीच सांभाळा,” इशिदा-सान म्हणाल्या आणि वाकल्या. मीही वाकलो. वाकलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

आता मला त्या समारंभाची एवढी काळजी का होती, ते सांगायला हवं. माझं एक पत्र ओकुमुरा-सानांच्या टेबलावर पाच आठवडे पडून होतं. ग्रीन कार्डाच्या अर्जाला जोडायचं दीड पानाचं पत्र: या माणसाने आमच्याकडे अमुक काम केलं, तो आम्हाला कायमचा हवा आहे, खाली सही. वकिलाला ते महिनाअखेरीच्या आत हवं होतं. साहेब एकदा जपानला गेले की नवा साहेब येणार, तो मला ओळखणार नाही आणि सगळं पहिल्यापासून सुरू. मी एकदा आठवण केली, तर साहेब शांतपणे म्हणाले, “वाचतोय.” दीड पान! पाच आठवडे! दुसऱ्यांदा विचारणं त्यांच्याकडे उद्धटपणाचं, असं इशिदा-सानांकडून कळलं. साहेबांच्या टेबलावर चिनी मातीचे अकरा बेडूक होते, दर वर्षाचा एक. त्यातला सगळ्यात लठ्ठ बेडूक माझ्या पत्रावर बसला होता. रोज येता-जाता मी त्याच्याकडे बघायचो आणि तो माझ्याकडे.

आणि दर रविवारी सकाळी नागपूरहून आईचा फोन. तीन वर्षं झाली होती घरी जाऊन. व्हिसाचा शिक्का घ्यायला तिकडे गेलो आणि अडकलो तर, या भीतीने वकील हलू देत नव्हता. आई पाणी, भाज्या, शेजारणीचा गुडघा असं सगळं सांगून झालं की शेवटी तोच प्रश्न विचारायची, “यंदा येतोस ना?” मी म्हणायचो, “बघू.” हे ‘बघू’ त्या बेडकाखाली अडकलं होतं.

असो. पुस्तक घरी आणलं. आमची अकरा वर्षांची अनया एका दुपारी जपानी अक्षरं शिकून मोकळी झाली. मला आठ दिवस लागले. “बाबा, इट्स जस्ट फॉर्टी-सिक्स लेटर्स,” असं ती मला धीर द्यायला म्हणाली, पण तो पोचला नाही.

पहिल्यांदा ज्याने त्याने आपल्या पसंतीचं गाणं म्हणावं असं ठरलं होतं. मी थेट ‘ना’च्या पानावर गेलो. गाण्यांच्या भेंड्यांत ‘न’ हे माझं अक्षर. कॉलेजात ‘न’ आला की माझी टीम माझ्याकडे बघायची. तिथे एक गाणं सापडलं, ज्यात निम्मा वेळ नुसतं ‘नाना नाना’ होतं. जपानी न येणाऱ्या माणसासाठीच ते लिहिलं असावं. इशिदा-सानांनी सीडी दिली. यंत्रावर दाबायचा त्याचा नंबर ३११७ मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजला लावला आणि दहा दिवस तळघरात, म्हणजे इथल्या भाषेत बेसमेंटमध्ये, घसा फोडला.

दहाव्या दिवशी शेजारचे बाळकाका आले. बाळकाका एकाहत्तर साली इकडे आलेले भूलतज्ज्ञ डॉक्टर, आता निवृत्त. आयुष्यभर ज्यांच्यासमोर माणसं बेशुद्ध पडली, त्यांना कुणी शुद्धीवर राहून उलट बोलतं याची सवय नाही.

“गुरुनाथ, आवाज पोटातून यायला हवा,” ते सोफ्यावर बसत म्हणाले. “तुझा नाकातून येतोय. आम्ही चौऱ्याहत्तरच्या गणपतीत माइकशिवाय गायचो.”

“काका, इथे माइक असतो.”

“म्हणूनच बिघडलात तुम्ही.” मग फ्रिजकडे बघून, “३११७ काय आहे? लॉटरी?”

मी सांगितलं. त्यांनी तो नंबर दोनदा पुटपुटून पाठ केला. कशाला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इशिदा-सानांनी बेत बदलला. आता गाणी पाचच. त्यांच्या नावांचे पहिले उच्चार ओळीने लावले की साहेबांसाठी निरोप तयार व्हायला हवा: बु, जि, का, ए, रु. ‘बुजि काएरु’, म्हणजे ‘सुखरूप परत जा’. शिवाय ‘काएरु’ म्हणजे बेडूकही, म्हणूनच तिकडचे प्रवासी बेडूक जवळ बाळगतात. साहेबांच्या अकरा बेडकांचा अर्थ मला तेव्हा लागला. बिचारे अकरा वर्षं परतीचीच तयारी करत होते.

चिठ्ठ्या टाकल्या, मला ‘रु’ आला. माझा ‘ना’ दहा दिवसांच्या घशासकट वाया गेला. तेही सोसलं असतं, पण पाचही जणांना आपापल्या अक्षराची गाणी काढून द्यायचं काम माझं होतं. आणि पुस्तकात ‘ब’ नव्हता.

मी ‘प’ शोधला, तो नाही. ‘फ’नंतर ‘ब’ येतो हे मला पहिलीपासून माहीत, पण इथे ‘ना’च्या ओळीनंतर ‘हा’ची ओळ, मग एकदम ‘मा’. ‘ज’ नाही, ‘ग’ नाही, ‘द’ नाही. दोन रात्री पानं उलटून मी निष्कर्षाला आलो आणि चौदा जणांना ईमेल टाकली: ‘पुस्तक छापताना पाच अक्षरं गळली आहेत, नाहीतर जपानी भाषेत ब नसावा. कृपया दुसरी प्रत मिळवावी.’

इशिदा-सान जपानी सौजन्याच्या बाई. चूक आहे असं त्यांनी म्हटलं नाही. त्या बर्फातून पस्तीस मैल गाडी चालवत गेल्या, कॅराओकेच्या रेस्टॉरंटमधून दुसरी प्रत आणली, माझ्या टेबलावर ठेवली आणि पेन्सिलीने ‘हा’च्या ओळीतल्या ‘फु’वर दोन बारीक टिंबं काढून दाखवली. फु, टिंबं दिली की बु. ‘ब’ला स्वतःचं घरच नाही, तो ‘ह’कडे पोटभाडेकरू. ‘ज’ राहतो ‘श’कडे, ‘ग’ ‘क’कडे. म्हणजे आमची इतकी ऐसपैस वर्णमाला नेली आणि चार-चार कुटुंबं एका खोलीत कोंबली! हे मी बोललो नाही. मी वाकलो. त्या आठवड्यात मी इतका वाकलो की कंबरेला पट्टा लावावा लागला.

समारंभ शनिवारी दुपारी होता. गुरुवारी रेस्टॉरंटचा पाण्याचा पाइप थंडीने फुटला आणि गाण्याची खोली पोटरीभर पाण्यात गेली. यंत्र तेवढं वाचलं. ऑफिसात सगळे हवालदिल. आणि कुणाचा तरी आवाज आला, “आमचं बेसमेंट मोठं आहे.” तो आवाज माझा होता.

“चौदा माणसं?” सुहासिनी म्हणाली. “परवा? गुरू, तू मला एकदा विचारायला तोंड उघडत नाहीस, आणि तिथे ते आपोआप उघडतं!”

“त्यांना फार तिखट चालत नाही. बटाटेवडे कर.”

“तूच कर. पोटातून कर.”

तिने केले, सत्तर. ते तळताना काय बोलत होती ते एक्झॉस्ट फॅनमुळे ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

मग आमच्या वसाहतीची समिती. दोन इंचांवर बर्फ असला की रस्त्यावर गाडी लावायची नाही हा नियम, आणि शुक्रवारी पडला साडेतीन इंच. मार्चअखेर! परवानगीचा फॉर्म भरायला गेलो. ‘कार्यक्रमाचं स्वरूप’ या रकान्यात मी कॅराओके लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी आवाजाच्या नियमांचा दुसरा फॉर्म काढला. तो शेजाऱ्याच्या सहीशिवाय चालत नाही. शेजारी म्हणजे बाळकाका. बाळकाका म्हणाले, “सही करतो, पण मी येणार. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणूनच तो फॉर्म आहे.” त्यांची सही एका सेकंदात झाली. माणसं सही किती पटकन करू शकतात, हे बघून मला रडू यायचं बाकी होतं. गाड्या शेवटी त्यांच्याच ड्राइव्हवेत लागल्या आणि तो साफ केला मी.

शनिवारी बरोबर दोन वाजता चौदा माणसं दारात. चौदा जोडी बूट त्यांनी ओळीत असे लावले की आमच्याच चपला तिथे आगंतुक वाटू लागल्या. ओकुमुरा-सान काळ्या सूटमध्ये, हसरे, बारीक. मी आधी त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघितलं. काही फुगलेलं दिसत नव्हतं. वड्यांना सगळ्यांनी “ओऽ” केलं आणि सुहासिनीचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला.

अनयाकडे एकच काम होतं. गाणं संपलं की भिंतीवरच्या कागदावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहायचं. ‘बु’चं गाणं झालं, तिने ‘बु’ लिहिला. ‘जि’ झाला. ‘का’ला साहेबांनी मान तिरकी केली. ‘ए’ला त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मी उठलो. ‘रु’ने सुरू होणारी गाणी पुस्तकात जेमतेम अर्धं पान, त्यातलं सगळ्यात छोटं मी निवडलं होतं. पोट आत घेतलं, आवाज नाकातूनच आला, पण शेवटपर्यंत आला. अनयाने ‘रु’ लिहिला. बुजि काएरु! टाळ्या, हशा, साहेब उठून वाकले, सगळे वाकले. इशिदा-सानांनी डोळ्यांना रुमाल लावला. माझ्या मनात आलं, आता सही.

तेवढ्यात मागून बाळकाका गरजले, “न आला! न!”

झालं असं होतं की माझं ‘रु’चं गाणं ‘ना’वर संपलं होतं. आणि बाळकाका इथल्या मराठी मंडळाच्या भेंड्यांमध्ये तीस वर्षं न हरलेला माणूस. दोन तास त्यांना वाटत होतं की या जपानी भेंड्याच आहेत, आणि जपानी लोक अक्षर न जुळवता वाटेल ते गातात, म्हणून ते मनातून खवळले होते. शेवटी त्यांना एक ओळखीचं अक्षर सापडलं.

“टिक टिक एक! गुरुनाथ, ऊठ! न तुझा आहे!” म्हणत त्यांनी यंत्राचा रिमोट घेतला आणि पाठ केलेला ३११७ दाबला.

संगीत सुरू झालं. साहेबांसमोर सुरू झालेलं गाणं बंद करणं बरं दिसेल का, याचा विचार करेपर्यंत ‘नाना नाना’ आलं आणि दहा दिवसांची सवय माझ्या तोंडातून बाहेर पडली. मी गायलो. खरं सांगतो, उत्तम गायलो. त्या दुपारी माझ्याइतकं चांगलं कुणीच गायलं नाही. पण दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या विरळ झाल्या आणि शेवटी माझ्या आवाजाशिवाय बेसमेंटमध्ये फक्त हीटरचा आवाज राहिला. वळून बघितलं. अनयाने आपलं काम चोख केलं होतं. कागदावर ‘रु’पुढे तेवढ्याच मोठ्या अक्षरात ‘ना’ होता.

“काय झालं?” मी इशिदा-सानांना विचारलं.

त्यांनी रुमाल डोळ्यांवरून तोंडावर नेला. “आमच्याकडे क्रियापदापुढे ना लावला,” त्या हळूच म्हणाल्या, “की त्याचा अर्थ होतो, तसं करू नका. आता तिथे लिहिलंय, सुखरूप परत जाऊ नका.”

बासष्ट वर्षांचा माणूस उद्या चौदा तासांच्या विमानात बसणार, आणि मी त्याला माझ्या घरी बोलावून, वडे खाऊ घालून, भिंतीवर तो सुखरूप पोचू नये असं लिहून ठेवलं. पत्र गेलं. पाच आठवडे गेले. लठ्ठ बेडूक माझ्याकडे बघून हसताना मला स्पष्ट दिसला. माफी मागायला मी जितकं वाकता येईल तितकं वाकलो आणि वर येताना छताखालच्या हीटरच्या नळावर डोकं आपटलं. त्याचा आवाज माझ्या गाण्यापेक्षा मोठा आला.

“गुरू!” सुहासिनी धावली.

“काही नाही, शुद्धीवर आहे,” बाळकाकांनी तज्ज्ञ म्हणून जाहीर केलं.

ओकुमुरा-सान उठून कागदासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ. या माणसाला सहा अक्षरं वाचायलाही वेळ लागतो, असं वेदनेतही माझ्या मनात येऊन गेलं.

“गुरुनाथ-सान,” ते शेवटी त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, “याचे दोन अर्थ होतात. जोरात म्हटलं तर, जाऊ नका. हळू म्हटलं तर, सुखरूप जाल ना? तुम्ही कसं म्हटलंत?”

सुहासिनीने दिलेली बर्फाची पिशवी मी डोक्यावर दाबली. “आमच्याकडेही ना असाच आहे,” मी म्हटलं. “दोन्ही.”

“ओऽ,” ते म्हणाले. हा ‘ओऽ’ वेगळा होता. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून, जिथे मी बघितलंच नव्हतं, पाकीट काढलं. दीड पान, खाली सही आणि शेजारी लाल शिक्का. तारीख मंगळवारची होती. चार दिवस पत्र खिशात घालून हा माणूस फिरत होता!

“मला उशीर झाला, माफ करा,” ते म्हणाले. “मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. यात लिहिलंय की हा माणूस कायमचा इथेच हवा. म्हणजे काएरु ना. मी इथे आलो तेव्हा माझ्याही साहेबांनी असंच एक पत्र लिहिलं होतं. तिसऱ्या वर्षी आई गेली. दर वर्षी एक बेडूक घेत होतो, पण गेलो नाही. काम होतं.” त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. “दुसऱ्या कुणाला हे लिहून द्यायला हात चालत नव्हता. पण तुम्हाला हवं होतं.”

पाच आठवडे मी या माणसाला मनात जी नावं ठेवली होती, ती एकेक करून परत घ्यायला लागलो आणि ती संपेनात. मला फार लाज वाटली.

जाताना त्यांनी तो कागद गुंडाळून मागून घेतला, ‘ना’सकट. बुटांच्या ओळीपाशी खिशातून लठ्ठ बेडूक काढून अनयाच्या हातात ठेवला. “सो क्यूट!” अनया म्हणाली. बाळकाकांनी त्यांचा हात हातात घेऊन पुढच्या वेळी भेंड्यांचे नियम नीट शिकवीन असं मराठीत सांगितलं, आणि साहेब वाकले.

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा माझ्या डोक्यावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. पत्र पाकिटात घालून वकिलाच्या नावाने तयार होतं. बेडूक फ्रिजवर, ३११७च्या चिठ्ठीच्या वर. आईने पाणी सांगितलं, भाज्या सांगितल्या, शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं.

“यंदा येतोस ना?”

मी फ्रिजवरच्या बेडकाकडे बघितलं.

“ऐकतोयस ना रे?”

“येतो,” मी म्हटलं.

सुहासिनीने कढईवरून मान वर केली. “आणि वकील?”

“वकिलाला मी सांगतो. तिकिटं बघ.”

तिकडून आई म्हणाली, “मागच्या वेळी दारातून निघतानाही येतोच म्हणाला होतास.”

“ते निघतानाचं होतं, आई,” मी म्हटलं. “हे यायचं आहे.”